किल्ल्या कंत्राटदाराकडे, जबाबदारी संस्थेकडेच

३१ जुलै २०२४ रोजी एनपीसीआयने, म्हणजे राष्ट्रीय देयके महामंडळाने, एक छोटेखानी निवेदन प्रसृत केले. सी-एज टेक्नॉलॉजीज या तंत्रसेवा पुरवठादार कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला असण्याची शक्यता आहे. त्यामुळे तिला किरकोळ देयक व्यवस्थेपासून तात्पुरते विलग करण्यात आले आहे. आणि हे विलगीकरण असेपर्यंत ती ज्या बँकांना सेवा पुरवते त्यांच्या ग्राहकांना देयक सेवा मिळणार नाहीत, असा त्या निवेदनाचा आशय होता. त्याचा फटका देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांना बसला. त्यांतील बहुतेक सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँका होत्या. एकट्या गुजरातेतील १७ जिल्हा सहकारी बँका त्यांत होत्या. यूपीआय चालत नाही, एटीएममधून पैसे निघत नाहीत, अशी अवस्था झालेल्या खातेदारांपैकी बहुतेकांनी सी-एज हे नाव तोपर्यंत ऐकलेही नव्हते.

ही कंपनी काही आडबाजूच्या गल्लीतली नव्हती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि भारतीय स्टेट बँक यांचा तो संयुक्त उपक्रम आहे. स्वतंत्र तज्ज्ञांकरवी तपासणी झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, तिची जोडणी पूर्ववत करण्यात आली. देशाच्या एकूण देयक व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे त्या वेळी सांगितले गेले आणि विषय मागे पडला. पुढे क्लाउडसेक या सायबर सुरक्षा संस्थेने आपला निष्कर्ष मांडला, तो अधिक बोलका होता. तिच्या म्हणण्यानुसार हल्लेखोरांचा शिरकाव सी-एजच्या दारातून झालाच नव्हता. तिच्याशी जोडलेल्या आणखी एका तंत्रसेवा कंपनीच्या चुकीच्या पद्धतीने मांडणी केलेल्या सर्व्हरमधून तो झाला होता. म्हणजे खातेदाराने विश्वास टाकला बँकेवर, बँकेने सेवा पुरवठादारावर, पुरवठादाराने त्याच्या सहकारी कंपनीवर. साखळीच्या शेवटच्या कडीशी खातेदाराचा काही करार नव्हता, आणि बँकेचाही असेलच असे नाही.

संगणक नेटवर्क सांभाळण्याचे काम बाहेर सोपवण्याची प्रथा आता बँकांपुरती राहिलेली नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील औषध कारखाना, कळंगुटचे हॉटेल, बेळगावची पतसंस्था, इंदूरचा घाऊक व्यापारी, बडोद्यातील रुग्णालय, अशा कितीतरी ठिकाणी सर्व्हर, राऊटर, फायरवॉल आणि बॅकअप यांची देखभाल कुठल्यातरी बाहेरच्या कंपनीकडे असते. त्याला बोलीभाषेत सरसकट ‘एएमसी’ म्हटले जाते आणि वातानुकूलन यंत्र किंवा जनरेटर यांच्या वार्षिक देखभाल कराराच्या फायलीतच तो कागद लागतो. गफलत तेथूनच सुरू होते. वातानुकूलन दुरुस्त करणारा कारागीर यंत्र उघडतो, काम करतो आणि निघून जातो. नेटवर्क सांभाळणारा जात नाही. त्याचा हात दूरवरून, चोवीस तास, संस्थेच्या प्रत्येक संगणकावर असतो. हिशेब, पगारपत्रके, ग्राहकांचे आधार क्रमांक, रुग्णांचे अहवाल अशा सर्व खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या जुडग्यात असतात.

तरीही हे काम बाहेर देणे म्हणजे बेफिकिरी, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. आठवड्याचे तास १६८. एका कर्मचाऱ्याचे कामाचे तास ४८ धरले, तर नेटवर्कवर अखंड लक्ष ठेवणारी एक खुर्ची भरण्यासाठी साडेतीन माणसे लागतात. रजा, सणवार, आजारपण धरता चार ते पाच. आणि एका खुर्चीने भागत नाही, कारण फायरवॉलचे नियम जाणणारा, डेटाबेस सांभाळणारा आणि हल्ल्याची चिन्हे ओळखणारा हे सहसा वेगवेगळे लोक असतात. आठ-दहा शाखांच्या सहकारी बँकेला एवढे वेतन परवडत नाही. परवडले तरी माणसे टिकत नाहीत. पुणे, बंगळूर आणि हैदराबाद यांच्याशी वेतनाची स्पर्धा करणे डिचोली किंवा खानापूर येथील संस्थेला शक्य नसते. एकाच मेहनती ‘संगणकवाल्या’च्या भरवशावर संस्था चालवायची आणि तो परदेशी गेला की पासवर्ड शोधत बसायचे, यापेक्षा रीतसर करार केलेला बरा, हे म्हणणे व्यवहाराला धरून आहे.

शिवाय सारे काही घरात ठेवल्याने संकट टळते असेही नाही. पुण्यातील कॉसमॉस बँक देशातील सर्वांत जुन्या आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसखोरी करून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम पळवण्यात आली. बनावट कार्डे वापरून २८ देशांतून पैसे काढले गेले आणि दोनच दिवसांनी स्विफ्ट यंत्रणेमार्फत हाँगकाँगमधील एका खात्यात जवळपास १४ कोटी वळते करण्यात आले. मोठी बँक, मोठी यंत्रणा, तरी हे घडले. त्यामुळे काम घरात ठेवावे की बाहेर द्यावे, हा वाद एका मर्यादेपलीकडे निरर्थक आहे. लहान संस्थांपुरते त्याचे उत्तर खर्चाच्या गणिताने आधीच देऊन टाकले आहे. अनुत्तरित आहे ते वेगळेच: बाहेर दिलेल्या कामावर देखरेख ठेवण्याइतके ज्ञान संस्थेत उरते का, आणि चूक झाली तर ती कोणाची, हे कागदावर कोठे लिहिलेले असते का.

गोव्यापुरते पाहायचे तर या दोन्ही प्रश्नांचा वस्तुपाठ राज्याच्या जलस्रोत खात्याने २०२२ च्या पावसाळ्यात पुरवला. प्रमुख नद्यांवरील १५ ठिकाणी पाण्याची पातळी आणि पर्जन्यमान मोजणारी पूर निरीक्षण केंद्रे खात्याने उभारलेली आहेत. त्यांचा डेटा एका सर्व्हरवर साठवला जातो. ही यंत्रणा उभारण्याचे आणि देखभालीचे काम हैदराबादच्या एका खासगी कंपनीकडे होते. २१ जून २०२२ च्या मध्यरात्री हा सर्व्हर रॅन्समवेअरच्या तावडीत सापडला. फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या उघडण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. खात्याने सायबर गुन्हे विभागाकडे तक्रार केली. हल्ल्याची जी कारणे तेव्हा पुढे आली, ती थक्क करणारी होती, कारण त्यांत गुंतागुंतीचे असे काहीच नव्हते: सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला होता, त्यावर अँटिव्हायरस नव्हता आणि फायरवॉल जुनाट होता.

जून महिना, मांडवी-म्हादईच्या खोऱ्यात पाणी चढण्याचे दिवस, आणि पूर मोजणारी यंत्रणा खंडणीखोरांच्या हाती. सुदैवाने त्या प्रसंगी हाहाकार माजला नाही. परंतु या घटनेतील खरा धडा हल्लेखोरांच्या चातुर्याविषयी नाही. अँटिव्हायरस बसवणे हे कोणाचे काम होते? सर्व्हर ज्या जागेत ठेवला होता, ती जागा एकाची. सर्व्हरवरील कार्यप्रणाली दुसऱ्याने बसवलेली. त्याला जोडणारी इंटरनेटची तार तिसऱ्याची. आणि डेटा खात्याचा. अशा मांडणीत प्रत्येक पक्ष आपापले काम चोख करत असू शकतो आणि तरीही अँटिव्हायरस नावाची वस्तू कोणाच्याच यादीत नसू शकते. सरकारी निविदेत यंत्रसामग्रीचे तपशील पानेच्या पाने असतात. किती जीबी, किती इंच, किती वर्षांची हमी. दर महिन्याला सुरक्षा अद्यतने कोण बसवणार, ती बसवली की नाही हे कोण तपासणार, बॅकअप घेतला जातो की केवळ घेतल्याची नोंद होते, हे सांगणारा परिच्छेद एक तर नसतो किंवा ‘आवश्यक ती सर्व काळजी पुरवठादार घेईल’ अशा एका वाक्यात गुंडाळलेला असतो. ते वाक्य न्यायालयात टिकत नाही आणि सर्व्हररूममध्ये तर त्याचा काडीचाही उपयोग नसतो.

सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची पद्धत या दुखण्यात भर घालते. नेटवर्क देखभालीच्या कामात खर्च कमी करण्याच्या जागा ठराविक असतात. अनुभवी माणसाऐवजी नवखा बसवायचा. एकाच माणसाकडे अनेक ग्राहक सोपवायचे. आणि सर्व ग्राहकांच्या यंत्रणा एकाच दूरनियंत्रण सॉफ्टवेअरमधून, काही वेळा एकाच पासवर्डने, हाताळायच्या. तिन्ही गोष्टी ग्राहकाला बाहेरून दिसत नाहीत. बिल मात्र दिसते, आणि ते कमी असते.

यांतील दूरनियंत्रणाचा मुद्दा थोडा उलगडून पाहण्याजोगा आहे. बाहेरची कंपनी शेकडो ग्राहकांचे हजारो संगणक सांभाळते, ती प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवून नव्हे. प्रत्येक संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. तो मध्यवर्ती फलकाला सतत माहिती पाठवतो आणि तेथून आलेल्या आज्ञा पाळतो. नवे अद्यतन बसव, ही फाइल काढून टाक, संगणक बंद करून पुन्हा चालू कर, अशा त्या आज्ञा असतात. या प्रोग्रामला संगणकावरील सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात, अन्यथा त्याचे काम होत नाही. अँटिव्हायरसलाही बजावून ठेवलेले असते की हा आपला माणूस आहे, याला अडवू नकोस. म्हणजे मध्यवर्ती फलक ज्याच्या हाती गेला, त्याला एकाच आज्ञेत सर्व ग्राहक मिळतात.

२ जुलै २०२१ रोजी नेमके हेच घडले. अमेरिकेतील कासेया कंपनीचे असेच एक दूरनियंत्रण सॉफ्टवेअर जगभरातील नेटवर्क-देखभाल कंपन्या वापरत होत्या. अमेरिकी स्वातंत्र्यदिनाची जोडून सुट्टी सुरू होत असताना रेव्हिल नावाच्या टोळीने त्यातील त्रुटी हेरून ग्राहकांच्या संगणकांवर रॅन्समवेअर धाडले. कासेयाचे थेट बाधित ग्राहक ६० पेक्षा कमी होते. मात्र त्यांतील अनेक स्वतःच दुसऱ्यांची नेटवर्के सांभाळणारे असल्यामुळे, कंपनीच्याच अंदाजानुसार, झळ पोहोचलेल्या व्यवसायांची संख्या १,५०० पर्यंत गेली. टोळीने एकगठ्ठा किल्लीसाठी सात कोटी डॉलर मागितले. स्वीडनमधील कूप या किराणा साखळीला सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरील यंत्रे चालेनात. कूप ही कासेयाची ग्राहकच नव्हती. तिची गल्ल्यावरील यंत्रे सांभाळणारी कंपनी ते सॉफ्टवेअर वापरत होती, एवढाच तिचा संबंध. दूध आणि पाव घ्यायला आलेल्या स्टॉकहोमच्या गिऱ्हाइकाची आणि तीन वर्षांनी गुजरातेतील सहकारी बँकेच्या खातेदाराची स्थिती यात फारसा फरक नाही.

आता जबाबदारीचा भाग. भारतीय कायद्याने या बाबतीत संदिग्धता फारशी ठेवलेली नाही. ग्राहकसंस्थांना मात्र ती आहे असे वाटत राहते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठराविक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती, ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत, कळवणे बंधनकारक आहे. संगणक यंत्रणांच्या नोंदी, ज्यांना लॉग म्हणतात, १८० दिवस जतन कराव्या लागतात. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना त्यातून सूट मिळाली ती केवळ मुदतीची. २५ सप्टेंबर २०२२ पासून त्यांनाही हे लागू झाले. सहा तास ही मुदत आमच्या एएमसीवाल्याने आम्हाला उशिरा सांगितले या सबबीवर वाढत नाही. लॉग पुरवठादाराच्या सर्व्हरवर असतील आणि करार मोडल्यावर त्याने ते दिले नाहीत, तरी जाब संस्थेलाच विचारला जाईल.

वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा, २०२३ तर याहून स्पष्ट बोलतो. ज्या संस्थेने नागरिकाची माहिती गोळा केली, ती संस्था त्या माहितीची विश्वस्त. तिच्या वतीने माहिती हाताळणारी बाहेरची कंपनी ही केवळ प्रक्रिया करणारी. बाहेरच्या कंपनीने केलेल्या हाताळणीचीही जबाबदारी विश्वस्त संस्थेचीच राहील आणि उभयतांतील करारात याच्या विरुद्ध काही लिहिले असले तरी त्याने फरक पडणार नाही, असे कलम ८ सांगते. सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ही रक्कम महाकाय कंपन्या नजरेसमोर ठेवून ठरवली आहे हे उघड आहे आणि एखाद्या पतसंस्थेला एवढा दंड कोणी करणार नाही. पण तत्त्व मोठ्यांना वेगळे आणि लहानांना वेगळे नाही.

रिझर्व्ह बँकेची भूमिका मात्र काहीशी चमत्कारिक आहे. तिने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेर सोपवण्याविषयी सविस्तर निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आले. दस्तऐवज विचारपूर्वक केलेला आहे. पुरवठादाराची तपासणी करण्याचा बँकेचा हक्क, पोटकंत्राटदारांवरील नियंत्रण, करार संपवून बाहेर पडण्याची आधीच आखलेली योजना, पुरवठादाराने घटना वेळेत कळवण्याची अट, हे सारे त्यात आहे. जबाबदारी अंतिमतः संचालक मंडळाची, हेही त्यात बजावले आहे. परंतु नागरी सहकारी बँकांपैकी पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतील, म्हणजे ढोबळमानाने १,००० कोटी रुपयांपर्यंत ठेवी असलेल्या, बँकांना या निर्देशांतून वगळण्यात आले. बाहेरच्या पुरवठादारावर सर्वाधिक विसंबून असतात त्या याच बँका. त्यांना अगदीच वाऱ्यावर सोडले असे नाही. सहकारी बँकांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये आलेली श्रेणीनिहाय सायबर सुरक्षा चौकट आहे. लहान बँकांवर कागदपत्रांचे ओझे टाकू नये, हा हेतूही समजण्यासारखा आहे. पण ओझे उतरवताना कवचही उतरले. पुरवठादाराशी वाटाघाट करताना ‘रिझर्व्ह बँकेची अट आहे, तपासणीचा हक्क द्यावाच लागेल’ हे वाक्य मोठ्या बँकेला उच्चारता येते. छोट्या बँकेच्या व्यवस्थापकाकडे त्या तोडीचा हुकमाचा पत्ता नसतो. पुरवठादाराने छापील करार पुढे सरकवला की त्यावर सही होते.

त्या छापील करारात काय असते? बहुतेक करारांत पुरवठादाराचे नुकसानभरपाईचे दायित्व त्याला मिळणाऱ्या शुल्कापुरते, अनेकदा एका वर्षाच्या शुल्कापुरते, मर्यादित केलेले असते. अप्रत्यक्ष हानी, बुडालेला धंदा, गेलेली पत यांची जबाबदारी वगळलेली असते. सेवेची हमी ‘प्रतिसादाच्या वेळे’ची असते, तक्रार नोंदवल्यापासून चार तासांत उत्तर मिळेल, एवढाच तिचा अर्थ. चार तासांत यंत्रणा पूर्ववत होईल, असा तो नव्हे. हा फरक करार करताना फारसा कोणी विचारत नाही.

कामाची व्याप्ती नेमकी कोठवर, यावरून अब्जावधींची कंपनीही कशी कोंडीत सापडते याचे उदाहरण अमेरिकेत सध्या न्यायालयात आहे. स्वच्छतेची उत्पादने बनवणाऱ्या क्लोरॉक्सने जुलै २०२५ मध्ये कॉग्निझंटविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. कर्मचाऱ्यांच्या पासवर्डविषयक अडचणी सोडवणारा मदतकक्ष क्लोरॉक्सने या कंपनीकडे सोपवला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये हल्लेखोराने कर्मचारी असल्याची बतावणी करून त्या कक्षाला दूरध्वनी केला आणि ओळख न पडताळताच त्याला पासवर्ड बदलून देण्यात आला, असा क्लोरॉक्सचा आरोप आहे. मागणी ३८ कोटी डॉलरची. आपल्याकडे केवळ मर्यादित मदतकक्षाचे काम होते, सायबर सुरक्षेचे नव्हे, असा कॉग्निझंटचा प्रतिवाद आहे. निकाल काय लागायचा तो लागो. कुलूप लावणे हे सुरक्षेचे काम आणि किल्ली देणे हे मदतकक्षाचे, अशी विभागणी कागदावर शक्य असते, एवढे या वादाने दाखवून दिले. हैदराबाद आणि पुण्यातील हजारो मराठी तरुण अशाच कक्षांत रात्रपाळ्या करतात. कमीत कमी वेळात जास्तीत जास्त तक्रारी ‘बंद’ करण्याचा तगादा त्यांच्यामागे असतो. पलीकडच्या माणसाला चार प्रश्न अधिक विचारले की त्यांचा आकडा घसरतो. सुरक्षेचा आणि वेगाचा हा झगडा संचालकांच्या बैठकीत न सुटता त्यांच्या मेजावर येऊन पडतो.

एकट्या छोट्या संस्थेला पुरवठादाराकडून हक्काच्या अटी मिळत नसतील, तर अनेकींनी एकत्र येणे हा सहकाराला साजेसा उपाय. त्या दिशेने पाऊल पडले आहे. नागरी सहकारी बँकांसाठीची राष्ट्रीय शिखर संस्था, एनयूसीएफडीसी, हिचे उद्घाटन २ मार्च २०२४ रोजी केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाले. देशातील सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांना तंत्रज्ञान सेवा एकत्रितपणे आणि परवडणाऱ्या दरात मिळवून देणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या बाबतीत तर केंद्राने त्याआधीच, जून २०२२ मध्ये, ६३,००० संस्थांना एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. गावातील विकास सोसायटीचे खतावणी वहीतले हिशेब आता दूरच्या सर्व्हरवर जात आहेत आणि तेथे सचिवाच्या जोडीला पुरवठादाराचा माणूस आला आहे.

एकत्र येण्याने सौदाशक्ती वाढते, यात शंका नाही. पण सर्वांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात ओवल्या की जुडगा हरवण्याची किंमतही वाढते. सी-एजच्या प्रसंगात ३०० बँका एकदम अडकल्या, त्या एकाच पुरवठादारावर अवलंबून होत्या म्हणूनच. त्याच्या अवघे १२ दिवस आधी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्यतनाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर गोठले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेथे तर हल्लाही नव्हता. त्यामुळे शिखर संस्थेमार्फत सेवा घेताना संस्थांनी स्वतःपुरता काही अवकाश राखून ठेवणे गरजेचे आहे. सामूहिक खरेदीचा अर्थ सामूहिक विस्मरण असा होता कामा नये.

हा राखीव अवकाश फार खर्चिक नसतो. संस्थेच्या संकेतस्थळाचे आणि ईमेलचे डोमेन पुरवठादाराच्या नावावर नोंदलेले आहे की संस्थेच्या, हे पाहण्यास दहा मिनिटे लागतात. ते पुरवठादाराच्या नावावर असल्याचे करार मोडताना उघडकीस येते आणि मग संस्थेला आपल्याच नावासाठी विनवण्या कराव्या लागतात, हा अनुभव छोट्या व्यावसायिकांत सर्रास आढळतो. फायरवॉल आणि सर्व्हर यांच्या सर्वोच्च अधिकाराचे पासवर्ड बंद लिफाफ्यात तिजोरीत ठेवता येतात. सहकारी संस्थांना दुहेरी किल्लीची पद्धत नवी नाही, तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांनीच उघडते. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडलेल्या डिस्कवर असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, वर्षातून एकदा-दोनदा तो बॅकअप प्रत्यक्ष दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. बॅकअप घेतल्याचा हिरवा दिवा लुकलुकत असतो आणि गरजेच्या दिवशी फाइल रिकामी निघते, असे घडू शकते आणि ते आधी कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लागतो तो संस्थेतला एक जबाबदार माणूस, ज्याला पुरवठादाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि उत्तर समजून घेण्याइतके प्रशिक्षण दिलेले आहे. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत लेखापरीक्षणाचा अहवाल समजणारे दोघे-तिघे असतात; थकबाकीचा आकडा वाचून कोणते कर्ज बुडीत जाणार हे सांगणारे तर हमखास असतात. नेटवर्कच्या विषयात मात्र ‘ते त्या कंपनीवाल्यांना विचारा’ असे म्हणून पुढचा विषय घेतला जातो. ज्याच्या कामाची तपासणी करायची, त्यालाच तपासनीस नेमण्याचा हा प्रकार आहे.

सरकारी पातळीवर दोन गोष्टींची उणीव जाणवते. युरोपीय संघाने २०२२ च्या एनआयएस-२ निर्देशांत इतरांची नेटवर्के सांभाळणाऱ्या कंपन्यांना थेट नियमनाखाली आणले. ग्राहकाच्या जोडीला पुरवठादारही उत्तरदायी ठरला. आपल्याकडे सायबर लेखापरीक्षकांचे सर्ट-इनचे मान्यताप्राप्त पॅनेल आहे, त्याच धर्तीवर नेटवर्क-देखभाल कंपन्यांसाठी किमान पात्रतेची नोंदणी सुरू करता येईल. दुसरी बाब राज्याच्या अखत्यारीतली आहे. गोव्यात सरकारी कार्यालयांना जोडणारे ब्रॉडबँड नेटवर्कही खासगी भागीदारीतूनच उभे राहिले आणि खात्याखात्यांचे देखभाल करार स्वतंत्रपणे होत आले. या सर्व करारांसाठी सुरक्षा, बॅकअप आणि बाहेर पडण्याच्या अटींचा एक समान मसुदा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने तयार करून तो जाहीर केला, तर पतसंस्था आणि लहान उद्योगांनाही तो विनामूल्य वापरता येईल. पुरवठादारापुढे ठेवायला त्यांच्याही हाती एक छापील कागद येईल.

वेळ फार नाही. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मूळ अधिसूचनेनुसार संस्थांवरील मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतात. देखभालीचे बहुतेक वार्षिक करार आर्थिक वर्षाबरोबर, मार्चअखेरीस नूतनीकरणाला येतात. मे २०२७ मध्ये अमलात असणारे करार त्या आधीच्या मार्चमध्येच सहीसाठी पुढ्यात येतील.